वखारीच्या दाराने

दुक्म, ओमान
ता. ७ नोव्हेंबर २०२५, जुम्मा

बडे अब्बांना,

अस्सलामु अलैकुम. मी इथे ठीक आहे. तुमचे गुडघे कसे आहेत हे विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो. इथली हवा आता बरी झाली आहे, दुपारी पत्र्याला हात लावता येतो. नमाज पढून आलो, जेवलो आणि लिहायला बसलो.

पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही मला ब्लॉक केलंय की मी तुम्हाला, ते आता आठवत नाही. व्हॉइस नोट पाठवली तर तुमचा अदीब ती खारघरहून येताना गाडीत लावेल आणि सगळ्यांना ऐकवेल. माझा आवाज चढला की तुमच्या घरात एकच बोललं जातं, "आठवी नापास बोलतोय, बोलू दे." कागदावर आवाज चढत नाही. आणि तुम्हीही कागदच पाठवलेत, तर उत्तर कागदावरच घ्या.

माझ्या खोलीत हरेश म्हणून एक आहे, आपल्या विचुंब्याचा आगरी. क्रेन चालवतो. महिन्यापूर्वी या कॅम्पात आला आणि आईची तब्येत बिघडली म्हणून गुरुवारी परत चाललाय. पत्र तोच तुमच्या हातात देईल. मघाशी वरच्या पलंगावरून डोकावून म्हणाला, "काय रं माज, लग्नाचा पत्र हाय का? येवरी पानं कशाला?" मी म्हटलं, भांडणाचं आहे. तर म्हणतो, "मंग आजून चार घे."

मुद्द्याचं आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. विनायकने पाठवलेले हक्क सोडायचे कागद मिळाले. मी सही केलेली नाही.

हा विनायक कुठून शोधलात? बिल्डरचा माणूस आहे की तुमचा, ते त्याच्या बोलण्यावरून कळत नाही. दर दोन दिवसांनी फोन. "माजभाई, दहा मिनिटांचं काम आहे. मस्कतला वकिलातीत जायचं, त्यांच्यासमोर सही करायची, शिक्का मारून घ्यायचा, कुरिअर करायचं. तुम्हाला आता काय त्या घराचं? तुम्ही तर तिकडे सेटल." दुक्मपासून मस्कत बसने सहा तास लांब आहे आणि मी सेटल आहे तो दोन मजली पलंगाच्या खालच्या मजल्यावर. मी त्याला म्हटलं, "विनायकभाऊ, माझ्या सहीशिवाय काम अडतंय का?" तर हसला. "अडत काही नाही हो, थांबतं."

थांबतं. बरं वाटलं ऐकून. आयुष्यात पहिल्यांदा उरणकरांच्या घरातलं काही माझ्यासाठी थांबलंय.

एक गोष्ट तुम्हाला माहीत आहेच, पण मला लिहायची आहे. दादाजान २००९ ला गेले आणि अब्बा २०१३ ला. जर उलटं झालं असतं, अब्बा आधी गेले असते, तर शरीयतप्रमाणे आम्हाला काहीच नव्हतं. तुम्ही विनायकला माझ्याकडे पाठवलंही नसतं. चार वर्षांचा फरक आहे बडे अब्बा. अल्लाने आमच्यासाठी केलेली तरतूद एवढीच, आणि तीच तुम्हाला नडतेय.

घराचं मला काय, असं विनायक विचारतो. त्याला काय सांगणार. तुम्हीच मला सांगितलेल्या गोष्टी आहेत, मी तुमच्यासमोर खाली बसून ऐकलेल्या. पणजोबा हसनमियाँ उरणहून आले तेव्हा पनवेल बंदरात मचवे लागायचे. त्यांनी बंदर रोडला आधी वखार टाकली आणि मग वखारीच्या पुढे घर बांधलं. सगळं बर्मा सागवान. पुढच्या दाराची दोन कवाडं, एकेक कवाड लावायला चार माणसं लागली म्हणे. रोजचं एकच कवाड उघडायचं. दोन्ही उघडायची ती दोनच वेळा, घरात नवरी येते तेव्हा आणि घरातून जनाजा निघतो तेव्हा. जनाजा निघाला की मागची करवत तीन दिवस बंद. लाकूड कितीही तुंबलं तरी बंद. मोहल्ल्यात करवतीचा आवाज थांबला की लोक घरात टोपी शोधायचे, उरणकरांकडे कोणीतरी गेलं म्हणून.

दादाजानने वरचा मजला चढवला. तुम्ही लाद्या काढून ग्रॅनाइट बसवला आणि दर ईदला रंग लावलात. घर आजही असं आहे की लोक त्याच्यासमोर उभं राहून सेल्फी काढतात. ते पाडून तुम्ही सतरा मजले उभे करणार आणि खाली वॉचमनची खुर्ची ठेवणार. तुमचं घर, तुमची मर्जी. पण ते तुमचं एकट्याचं नाही म्हणून तर हे पत्र.

आता अम्मीचं.

अम्मी या घरात आली तेव्हा दोन्ही कवाडं उघडली नव्हती. एकही नाही. ती करवतीवरच्या मिस्त्रीची मुलगी. अब्बा तिच्याशी निकाह करून आले आणि दादाजान म्हणाले, "मिस्त्रीची मुलगी मिस्त्रीच्या दाराने येईल." मग ती वखारीतून, लाकडाच्या थप्प्यांमधून, नवरीचे कपडे वर उचलून घरात आली. तेव्हा तुम्ही दारात उभे होता. तुम्ही अब्बांचे थोरले भाऊ, तेव्हा लग्न झालेले, धंद्यात बसलेले. एक शब्द बोलला नाहीत.

बरं, दादाजान जुन्या काळचे. ते गेल्यावर? अम्मी बाजारातून पिशव्या घेऊन यायची ती मागून. माझ्या बहिणीला, नशराला, शाळेत सोडायला निघायची ती मागून. सवय झाली म्हणाल तुम्ही. तिलाही झाली होती. ती हसायची. नशरा विचारायची, "अम्मी, आपण पुढून का नाही जात?" तर म्हणायची, "मी भुसा आहे ना बाय, भुसा मागूनच जातो-येतो." तुमच्या बायकोने, बडी अम्मीने, हे एकदा ऐकलं आणि तोंडात पदर धरून हसत बसली. दोघी हसत होत्या. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

आणि माझे नाना, अम्मीचे अब्बा. तीस वर्षं तुमची करवत त्यांनी चालवली, दोन बोटं त्या करवतीला दिली. ते गेले तेव्हा करवत किती थांबली? दुपारच्या जुहरच्या नमाजापुरती. नमाज झाली, करवत सुरू. मी सहा वर्षांचा होतो, नानांच्या घरात बसून मला आवाज ऐकू येत होता.

अब्बांचं चाळिसावं झालं आणि तुम्ही म्हणालात, खोल्यांची डागडुजी काढायची आहे, तुम्ही तिघं थोडे दिवस करंजाड्याला राहा. करंजाड्यातल्या दोन खोल्या तुम्ही घेऊन दिल्यात, अम्मीच्या नावावर दिल्यात, ते मी नाकारत नाही. पण थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. अब्बांच्या खोलीत आता प्लायवूडच्या सॅम्पलचं ऑफिस आहे. एसी आहे. मी रिक्षा चालवायचो तेव्हा एका गिऱ्हाइकाला तिथे सोडलं होतं, बाहेरूनच पाहिलं.

आज एवढंच. पाच वाजता पाण्याची टाकी येते, नंबर लावावा लागतो.

मंगळवार, ता. ११

शुक्रवारी लिहिलेलं आज जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचलं. सगळं खरं आहे, एकही शब्द मागे घेत नाही. पण ते वाचून माझं मलाच कळलं की मी दगड मारतोय आणि पळतोय. जे लिहायचं ते लिहिलंच नाही.

हे पत्र मी का लिहायला घेतलं ते सांगतो. हरेश नवा आला तेव्हा मेसमध्ये ओळख निघाली. कुठला? पनवेलचा. पनवेलमध्ये कुठे? बंदर रोड, वखारवाले उरणकर. तर तो भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणतो, "तुमचीच का ती वखार? आरं माझा बापूस, काशिराम, तुमच्या शेठवं लय पेटलाय. गेल्या साली गनपतीच्या चौरंगासाठी फल्या आनायला गेल्ता, तर करवत बंद. गनपती तोंडावं आन करवत बंद! शेठ खुर्ची टाकून बसलेला. बापूस बोलला, शेठ, लाइट हाय, मानसं हायत, मंग बंद का? तं शेठ बोलला, आमचे घरान मयत हाय, तीन दिस करवत चालनार नाय."

मी विचारलं, कधी नक्की? त्याने हिशोब लावला. गणपतीच्या तीन-चार दिवस आधी. अम्मी गेल्या वर्षी तीन सप्टेंबरला गेली.

मी ताटावरून उठलो. हरेश मागून ओरडतोय, "काय झाला रं? मिरची लागली का?"

बडे अब्बा, तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत. वखारीतल्या माणसांनाही बहुतेक वाटलं मशीन बिघडलं. एका आगरी गिऱ्हाइकाला तेवढं म्हणालात, आमच्या घरात मय्यत आहे. आमच्या घरात.

आता त्या दिवसाचं लिहितो. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, तिसऱ्याला कोणाला नाही. म्हणून लिहायला जड जातंय.

आधी एक. मी सगळ्यांना सांगितलं की कफीलने, म्हणजे व्हिसावाल्या मालकाने, सुट्टी दिली नाही, म्हणून येता आलं नाही. खोटं आहे. मी सोहारला होतो, टाइल्सच्या गोदामात. सुपरवायझरशी वाजलं म्हणून अम्मी जायच्या तीन आठवडे आधी मी काम सोडून निघून गेलो होतो. पासपोर्ट कंपनीकडे राहिला, तो पुढे दंड भरून सुटला तेव्हा दुक्मला आलो. माझा पाय एका जागी टिकत नाही असं तुम्ही म्हणता, ते खरं आहे. वखारीत टिकला नाही, रिक्षावर नाही, उरणच्या कंटेनर यार्डात नाही. कफील सुट्टी द्यायला तयार झालाही असता, पण मी त्याच्यासमोर जायच्याच लायक राहिलो नव्हतो. अम्मी दवाखान्यात चार दिवस होती आणि मी एका मल्याळी माणसाच्या गॅरेजमध्ये लपून गाड्या धूत होतो.

सकाळी दहाला नशराचा फोन आला. अकराला तुमचा. तुम्ही काय बोललात ते मला शब्द न शब्द पाठ आहे.

तुम्ही म्हणालात, "माज, बेटा. ताहिरा गेली." आयुष्यभर तुम्ही तिला शरीफची बायको म्हणालात. नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मग म्हणालात, "मी तिला बंदर रोडला आणतोय. गुस्लची आंघोळ घरात होईल. पुढचं दार उघडायला सांगितलंय, दोन्ही कवाडं. पहिला खांदा मी देतो, तुझ्या जागी. पण वारस तू आहेस, तुझी इजाजत लागते."

मी म्हटलं, "नको."

"काय नको?"

"तुमचं दार नको. करंजाड्यातून न्या."

"माज, ही रागाची वेळ आहे का? अरे, तिचा हक्क आहे."

"जिवंत होती तेव्हा कुठे होता हक्क? इजाजत मागताय ना? नाही देत."

मागे करवतीचा आवाज येत होता, तो थांबला. मला वाटलं फोन कटला. मी हॅलो हॅलो करत होतो. मग तुम्ही म्हणालात, "बरं." आणि ठेवलात.

मी नाही का म्हटलं ते चौदा महिने स्वतःला वेगवेगळं सांगतोय. खरं एकच आहे. मी येऊ शकत नव्हतो. मी तिथे पोतेरं हातात घेऊन उभा आणि तुम्ही दोन्ही कवाडं उघडून सगळ्या पनवेलसमोर माझ्या अम्मीला खांदा देणार. लोक म्हणाले असते, बद्रुद्दीनशेठचं दिल बघा. आणि मुलगा? मुलगा आलाच नाही. मला ते सहन होत नव्हतं. तुम्ही मोठे होऊ नयेत म्हणून मी तिला तिच्या दारातून जाऊ दिलं नाही.

आणि तिला काय हवं होतं हे मला माहीत नव्हतं असंही नाही. बडी अम्मीचा जनाजा निघाला तेव्हा आम्ही करंजाड्याहून आलो होतो, अम्मी आत बायकांत होती. परत जाताना माझ्या रिक्षात मागे बसून म्हणाली, "माज, मला मात्र पुढून ने हां. एकदाच." मी म्हटलं, "अम्मी, काहीही बोलतेस." ती म्हणाली, "काहीही नाही, सांगून ठेवते." मी आरशात पाहिलं, ती हसत नव्हती.

तुम्हाला तिने हे कधी सांगितलं नसणार. तरीही तुम्ही दार उघडायला निघालात, आणि मला माहीत होतं आणि मी बंद केलं.

तुमचा फोन ठेवला आणि लगेच नशराचा आला. "भाई, बडे अब्बा काय म्हणाले? तिथे नेणार ना अम्मीला?" मी म्हटलं, "वखारीच्या दाराने न्यायचं म्हणतात. मी नाही म्हटलं."

किती पटकन आलं तोंडात. विचारही केला नाही. तिने विश्वास ठेवला, का नाही ठेवणार, सगळं आयुष्य त्याच दाराने गेलं होतं. असरच्या नमाजापर्यंत सगळ्या मोहल्ल्यात झालं की बद्रुद्दीनशेठने भावाच्या बायकोची मय्यत मागच्या दाराने न्यायला सांगितली. तुम्ही करंजाड्याला आलात तेव्हा नशरा जिन्यावरून ओरडली, "हात लावू नका माझ्या अम्मीला." बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये शंभर माणसांसमोर. तुम्ही हात मागे घेतलात आणि जनाज्याच्या मागून कबरस्तानापर्यंत चालत आलात, गाडी असून, त्या गुडघ्यांनी. नशराने हे सगळं मला फोनवर अभिमानाने सांगितलं. मी म्हटलं, "बरं केलंस."

तेव्हा तुम्ही एक वाक्य बोलला असता तर संपलं होतं. "माजने नाही म्हटलं." तीन शब्द. तुम्ही बोलला नाहीत. तिथे नाही, जमातीत नाही, अदीबलाही सांगितलं नसणार, नाहीतर त्याने मला सोडलं नसतं. चौदा महिने लोक तुमच्याकडे बघतायत आणि तुम्ही गप्प.

का? मला वाचवायला? कोणी सांगितलं होतं? तुम्हाला वाटलं असेल, पोरगा लांब आहे, आईविना झाला, त्याची अब्रू झाकू. बडे अब्बा, तुमच्या या झाकण्याचा मला जेवढा राग आहे तेवढा त्या मागच्या दाराचाही नाही. तिथे निदान मला तुमचा तिरस्कार करता येत होता. हरेशच्या बापाच्या चौरंगाने ते पण माझ्याकडून काढून घेतलं.

बुधवार

काल संध्याकाळी कामावरून आल्यावर नशराला फोन केला आणि सांगितलं. सगळं, सोहारसकट.

ती लॅबमधून नुकतीच घरी आली होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "थांब, गॅस बंद करते." गॅस बंद करून आली. मग म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं.

"चौदा महिने मी त्या म्हाताऱ्याचा सलाम घेतला नाही. दोन्ही ईदला तो खाली येऊन उभा राहिला, मी वरून खिडकी लावून घेतली. आणि तू मला म्हणत होतास, बरं केलंस."

मी म्हटलं, नशरा, ऐक.

"काय ऐकू? अम्मीने मलाही सांगितलं होतं, पुढून न्या म्हणून. तुला एकट्यालाच सांगितलं असं वाटलं का तुला?"

मग एवढंच म्हणाली, "त्यांना तू सांग. तुझ्या तोंडाने. मी मध्ये पडणार नाही. आणि सहीचं मला विचारू नकोस, तुझ्या मागे उभी राहून सही करायचे दिवस संपले." फोन ठेवला. आज सकाळपासून चार वेळा लावला, उचलत नाही. मला एकच बहीण आहे. तुम्ही अदीबच्या मुलांना खेळवता, तुम्हाला कळणार नाही इथे एक फोन न उचलणं म्हणजे काय असतं.

आता घराचं.

आज मी सही केली तर लोक म्हणतील, आधी मिस्त्रीच्या मुलीला दार नाकारलं, मग तिच्या पोरांना घर नाकारलं. तुम्ही तेही गपचूप घ्याल, मला ठाऊक आहे. आणि मी जन्मभर बिचारा. सही नाही केली, तर मी आईचा बदला घेणारा मुलगा. रिक्षा स्टँडवर चहा फुकट मिळेल मला. दोन्ही बाजूंनी मी चांगला आणि तुम्ही वाईट, आणि ते उभं आहे माझ्या एका खोट्या वाक्यावर. मला हे नको. तुमच्या उपकाराखाली दबून मी तुम्हाला घर देणार नाही आणि नाकारणारही नाही.

म्हणून माझी अट ऐका. विनायकला यातलं काही कळणार नाही, त्याला सांगू नका. पत्र मिळाल्यावर येणाऱ्या जुम्म्याला नमाजानंतर, लोक चपला घालत असतात तेव्हा, मशिदीच्या पायरीवर उभं राहून हे पत्र वाचायचं. सगळं नको. फोनवर आपलं बोलणं झालं तेवढं वाचा, तुमच्या "माज, बेटा" पासून माझ्या "नाही देत" पर्यंत. अदीबला वाचू देऊ नका, तो अडखळतो, त्याचं मराठी इंग्लिशमधून येतं. तुम्ही वाचा. तुम्ही रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायचात, तसं.

तुम्ही वाचणार नाही, हेही मला दिसतंय. "घरातली गोष्ट पायरीवर नेत नाही," म्हणाल. मग घर तसंच उभं राहील. बिल्डरला सांगा दुसरी जागा बघ. मी मेलो तरी सही मिळणार नाही, आणि मी मेलो तर माझ्या मागे नशरा आहे, ती माझ्याहून कडू.

वाचलंत, तर दुसऱ्या दिवशी विनायकला फोन करायला सांगा. मी सुट्टी टाकून मस्कतला जाईन आणि जिथे म्हणाल तिथे सही करीन. बदल्यात काही मागणार नाही. नशराचा हिस्सा नशराशी बोला, ती आता तुमचा सलाम घेईल.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही लगेच देऊन टाकाल आणि परत तुम्हीच मोठे. तुम्ही माझ्या अम्मीला इतकी वर्षं मागून आणलंत-नेलंत, ते मी विसरलेलो नाही आणि विसरणार नाही. मी तिला एक दिवस अडवलं, तेही तुम्ही विसरू नका. लोकांनाही विसरू देऊ नका.

हरेश बॅग भरतोय. म्हणतो, "पाकीट चिकटवू का?" मी म्हटलं, नको. उघडंच ने, वाटेत कोणी वाचलं तरी चालेल.

विनायकचे कागद कोरेच परत पाठवतोय. तुम्हाला माझी सही हवी होती, ती या पानावर आहे, खरी, दोन साक्षीदारांसकट. एक हरेश काशिराम, विचुंबे. दुसरी जागा मोकळी ठेवली आहे. तिथे तुम्ही करा.

ताहिरा आणि शरीफ यांचा मुलगा,
माज शरीफ उरणकर